विजेच्या बिलात न दिसणारे पाणी

२०१५ च्या जुलै महिन्यात परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राचे सर्व संच बंद झाले. यंत्रे बिघडली नव्हती की कामगारांनी संप पुकारला नव्हता. गोदावरीवरील ज्या खडका बंधाऱ्यातून या केंद्राला पाणी मिळते, तो बंधाराच कोरडा पडला होता. ११३० मेगावॉट क्षमतेचे केंद्र पाण्याअभावी थंडावले. हे प्रथमच घडले असेही नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत याच केंद्रावर हीच पाळी आली होती. पुढे नऊ महिन्यांनी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, परळीपासून फार दूर नसलेल्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले.

या दोन घटनांकडे आपल्या राज्यकर्त्यांनी दोन निरनिराळ्या खात्यांचे प्रश्न म्हणून पाहिले. एक ऊर्जा खात्याचा, दुसरा पाणीपुरवठा खात्याचा. आणि दोहोंचे खापर पावसाच्या माथी! वस्तुतः प्रश्न एकच आहे. वीजनिर्मिती हा पाणी खाणारा उद्योग आहे. ते पाणी कोणाच्या तरी शेतातून किंवा कोणाच्या तरी हंड्यातून येते. आणि कोणाच्या हंड्यातून ते घ्यावयाचे, याचा निर्णय ज्याचा हंडा आहे त्याला विचारून होत नाही. विजेचा दर ठरविताना कोळशाची किंमत, कर्जावरील व्याज, भागधारकांचा नफा हे सारे पैशापैशाने मोजले जाते. पाण्याची मात्र किरकोळ पाणीपट्टी तेवढी धरली जाते. ते ज्याचे गेले त्याच्या नुकसानीला या हिशेबात रकानाच नाही.

पाणी जाते कोठे?

औष्णिक केंद्राची रचना समजून घेतली म्हणजे हा उद्योग पाण्यावर एवढा का अवलंबून आहे ते स्पष्ट होते. कोळसा जाळून वाफ करावयाची, वाफेच्या जोरावर चक्र फिरवावयाचे, आणि ती वाफ पुन्हा थंड करून तिचे पाणी करावयाचे, असा हा क्रम असतो. कोळशातील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेल्या उष्णतेचा काही अंश धुरांड्यातून जातो आणि मोठा अंश वाफ थंड करणाऱ्या पाण्यात उतरतो. ते तापलेले पाणी उंच मनोऱ्यांतून खाली सोडले जाते आणि त्यातील बराच भाग बाष्प होऊन उडून जातो. शेताला दिलेल्या पाण्याचा काही अंश झिरपून विहिरीला परत मिळतो, शहराला दिलेले पाणी सांडपाण्याच्या रूपाने का होईना नदीत येते. मनोऱ्यातून उडालेले पाणी त्या खोऱ्याला परत मिळत नाही. याशिवाय राख वाहून नेण्यासाठी पाणी लागते ते वेगळेच.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये या पाणीवापरावर प्रथमच कायदेशीर मर्यादा घातली: शीतकरण मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना प्रत्येक मेगावॉट-तासामागे साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. नव्या केंद्रांसाठी अडीच लिटरची अट होती. २०१८ मध्ये तीही सैल करून तीन लिटरवर आणण्यात आली. साडेतीन लिटर हा आकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. तो गुणून पाहावा. हजार मेगावॉटचे केंद्र ऐंशी टक्के क्षमतेने चालले तर दिवसाला १ कोटी ९२ लाख युनिटे वीज निर्माण होते आणि तीसाठी ६ कोटी ७२ लाख लिटर पाणी लागते. ग्रामीण माणसाला दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, हे सरकारचेच प्रमाण आहे. त्या प्रमाणाने बारा लाख माणसांची रोजची गरज एक केंद्र पिऊन टाकते. वर्षाचा हिशेब सुमारे २ कोटी ४५ लाख घनमीटरांचा होतो. एका हेक्टरला वर्षाकाठी पाच हजार घनमीटर पाणी धरले तरी जवळजवळ पाच हजार हेक्टर जमीन त्यावर भिजली असती. शहरातील एखाद्या दिवाणखान्यात वातानुकूलन यंत्राने रात्रभरात दहा युनिटे जाळली, तर त्यापायी कोठल्या तरी धरणातील अडीच-तीन हंडे पाणी गेले, असे समजावे. हे हंडे कोणाच्या डोक्यावरचे आहेत?

चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. त्याच्यासाठी बांधलेल्या इरई धरणाच्याच पाण्यावर चंद्रपूर शहरही अवलंबून आहे. २०१० च्या उन्हाळ्यात धरण तळाला गेले आणि येथीलही संच बंद ठेवावे लागले. देशातील अत्यंत उष्ण शहरांत ज्याची गणना होते त्या गावाने यंत्राशी एकाच धरणाच्या पाण्यात वाटेकरी व्हावे, अशी ही योजना! आणि पाणी केवळ वापरले जाते असे नाही, ते बिघडविलेही जाते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा येथील राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि कोराडी-खापरखेड्याची राख शेतांत व नदीनाल्यांत पसरली. औष्णिक केंद्राच्या शेजाऱ्याचे पाणी असे दोनदा जाते: एकदा मनोऱ्यातून आणि एकदा राखेतून.

भीमेच्या उगमापासून सोलापूरपर्यंत

कोळशाची वीज नको तर पाण्याची घ्या, ती तर स्वच्छ, असे उत्तर येते. पाण्यावरील विजेत पाणी खर्च होत नाही, ते चक्रातून जाते आणि पुढे वाहते, हे खरे. परंतु ते पुढे कोणाकडे वाहते, हा प्रश्न उरतोच. आणि महाराष्ट्रात त्याचे उत्तर शंभर वर्षांपासून चुकीचे दिले जात आहे.

मुंबईच्या गिरण्यांना स्वस्त वीज हवी होती म्हणून टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधली. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले. या वीजगृहांना पाणी पुरविणाऱ्या धरणांपैकी मुळशीच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, त्याविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि त्यातून पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. मुळशीचा लढा जमिनीचा होता. त्याच वेळी पाण्याचीही एक चोरी होत होती, तिची चर्चा त्या मानाने फार कमी झाली. ही सारी धरणे भीमेच्या खोऱ्यातील आहेत. त्यांतील पाणी निसर्गतः पूर्वेला, पुणे आणि सोलापूरच्या कोरड्या मुलखाकडे वाहावयाचे. ते डोंगराला भोके पाडून पश्चिमेला, जेथे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो त्या कोकणात उतरविण्यात आले. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७० च्या दशकात या वळविण्याला मर्यादा घातली, पण ती सरासरीने वर्षाला सुमारे ४२ अब्ज घनफूट एवढी आहे. उजनी धरणाचा उपयुक्त साठा साधारण ५४ अब्ज घनफूट आहे. म्हणजे उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी उजनीत पोहोचण्यापूर्वीच उलट्या दिशेला जाते. कोयनेचे आणखी ६७.५ अब्ज घनफूट पाणी असेच पश्चिमेला उतरते. तेथे निदान वीजगृह जनतेच्या मालकीचे आहे. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र साठ वर्षे उलटून गेल्यावरही पुरता मिटलेला नाही.

आता त्याच भीमेच्या काठाने खाली सोलापूरकडे यावे. ज्या जिल्ह्याचे नाव दुष्काळाशी पिढ्यान् पिढ्या जोडले गेले आहे, जेथील शहरवासीयांना वर्षानुवर्षे चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाचे पाणी मिळत आले आहे, तेथे राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाने १३२० मेगावॉटचे केंद्र उभारले. त्याचे दोन संच २०१७ आणि २०१९ मध्ये सुरू झाले. पाणी कोठले? शंभराहून अधिक किलोमीटरवरील उजनीचे! युनिटमागे तीन लिटर ही सवलतीची मर्यादा धरली आणि केंद्र ऐंशी टक्के क्षमतेने चालले, तर दिवसाला साडेसात कोटी लिटरहून अधिक पाणी त्याला लागेल.

नदीच्या उगमाशी विजेसाठी पाणी कोकणात सोडावयाचे, आणि नदीच्या मध्यावर उरलेले पाणी विजेसाठीच वाफ करून उडवावयाचे! मधल्या शेतकऱ्याने उन्हाळी आवर्तनाची वाट पाहावी, आणि आवर्तन आलेच तर पंपाला वीज मध्यरात्री मिळावी. सरकारने एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली. परंतु ज्या विहिरीला पाणी नाही तिच्यावरील पंपाला फुकट वीज देणे, हे उपाशी माणसाला फुकट ताट-वाटी देण्यासारखे आहे.

हक्क काढून घेण्याची पद्धत

हे सारे अज्ञानातून घडले असते तर समजावून सांगून भागले असते. पण येथे एक पद्धत दिसते. २००२ च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर सिंचनाला अग्रक्रम दिला होता. महाराष्ट्र सरकारने २००३ मध्ये स्वतःची जलनीती केली आणि तीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला बसविले; शेती तिसऱ्या पाटावर गेली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. पाण्याचे वाटप आता स्वतंत्र प्राधिकरण न्यायाने करील, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात मंत्र्यांची एक उच्चाधिकार समिती सिंचनाचे पाणी उद्योगांना आणि शहरांना वाटून देत राहिली. अमरावतीजवळ नांदगावपेठ येथील खाजगी औष्णिक प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झाले ते याच काळात. अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष सरकारी दप्तरी नोंदलेला आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा भाग देशभर ओळखला जातो, आणि तेथील धरणाच्या लाभक्षेत्राला दाखविलेले पाणी कोळशाच्या भट्टीकडे वळले. शेतकरी रस्त्यावर उतरले, प्रकरण न्यायालयात गेले.

सरकारने काय केले? २०११ मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली. क्षेत्रनिहाय वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला आणि पूर्वी झालेल्या वाटपांना मागील तारखेपासून कायदेशीर करून टाकले. त्याच वर्षी लोकक्षोभ शांत करण्यासाठी जलनीतीत शेतीला पुन्हा दुसरा क्रम दिला. म्हणजे जे गेले ते गेले, यापुढे तुमचा मान राखू! ज्या प्राधिकरणाच्या स्वायत्ततेचे गोडवे गाइले जात होते, त्या प्राधिकरणाला त्याच्या मुख्य कामातूनच दूर करण्यात आले. एखाद्या गरीब शेतकऱ्याने कालव्याला नळी लावली तर त्याच्यावर पाणीचोरीचा गुन्हा नोंदविला जातो. लाभक्षेत्राचे पाणी मंत्रालयातून काढून घेतले तर त्याला धोरण म्हणतात.

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप असा की, राज्यात वापरल्या जाणाऱ्या पाण्यात वीज केंद्रांचा वाटा अल्प आहे. बहुतांश पाणी शेतीच वापरते आणि त्यातही ऊस. हे आकडे खरे आहेत. उसाखाली थोडी जमीन असून सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा तो घेतो, हे आपण साखरसम्राटांच्या तोंडावर सांगत आलो आहोत, आणि ते पुन्हा सांगितले पाहिजे. परंतु तहान राज्याच्या सरासरीवर भागत नसते. ती ज्या त्या धरणाच्या काठी, ज्या त्या महिन्यात लागते. वीज केंद्राची मागणी बाराही महिने अखंड असते. धरण अर्धे भरले म्हणून केंद्र अर्धे पाणी मागत नाही. तुटीच्या वर्षी त्याचे आरक्षण आधी राखले जाते आणि कपात रब्बीच्या आवर्तनात होते. राज्याच्या टक्केवारीत नगण्य दिसणारा वापर एका तालुक्याच्या शेतीचा गळा आवळू शकतो.

दुसरा आक्षेप विकासाचा. वीज नको काय? मराठवाड्याने परळीचे केंद्र स्वतः मागून घेतले नव्हते काय? वीज अवश्य हवी, आणि मागास भागात उद्योग यावेत ही मागणी आपलीही आहे. परळीच्या केंद्राने हजारो घरांत चूल पेटविली, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु केंद्र बंद पडले तेव्हा पहिली झळ कंत्राटी कामगारालाच लागते. पाण्याचा विचार न करता उभारलेले केंद्र शेतकऱ्याचे पाणी नेते आणि शेवटी कामगाराची भाकरीही राखू शकत नाही, हाच परळीचा धडा आहे. मग केंद्रे किनाऱ्यावर न्या, समुद्राचे पाणी वापरा, असेही सुचविले जाते. तेथे गोड्या पाण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटतो, पण तापलेले पाणी खाडीत सोडले की मच्छीमाराचा प्रश्न सुरू होतो. दुबळ्याच्या दारातून उचलून दुसऱ्या दुबळ्याच्या दारात टाकलेले ओझे हलके होत नसते.

तिसरे उत्तर आजकाल फार उत्साहाने दिले जाते: सौरऊर्जा आली, आता प्रश्नच मिटला. पाण्याच्या दृष्टीने सूर्य आणि वारा यांची वीज कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी बरी आहे यात शंका नाही. सौरपट्ट्या धुण्यापुरते पाणी लागते, पवनचक्कीला तेवढेही लागत नाही. समाजवाद्यांनी या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मालक तोच राहिला तर साधन बदलून न्याय होत नाही. उद्या याच विजेवर हायड्रोजन तयार करण्याचे कारखाने येतील. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबानेच नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. प्रत्यक्षात त्याहून अधिक. सह्याद्रीत उदंचन प्रकल्पांसाठी खाजगी कंपन्यांशी करार होत आहेत. वरच्या आणि खालच्या तलावांत तेच पाणी खेळवावयाचे असले तरी पहिली भरणी आणि दर वर्षीचे बाष्पीभवन कोणाच्या वाट्यातून, हे ग्रामसभेला सांगण्याची गरज कोणास वाटत नाही. मुळशीच्या काळी जशी वीज हेच राष्ट्रहित ठरले होते, तसे आज हरित वीज हे राष्ट्रहित ठरेल आणि पाणी पुन्हा बिनबोभाट जाईल.

आपली मागणी

तेव्हा केवळ निषेध करून थांबणे पुरेसे नाही. आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत.

पहिली मागणी: दुष्काळप्रवण खोऱ्यात धरणाच्या गोड्या पाण्यावर नवे औष्णिक केंद्र किंवा विस्तार यांना परवानगी नको. जुन्या केंद्रांना पाणी मिळेल ते शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून. हे अशक्य नाही. नागपूरच्या भांडेवाडी येथील सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या केंद्राला दिले गेले आहे. जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणातच, पन्नास किलोमीटरच्या आत सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर ते पाणी वापरणे औष्णिक केंद्रांना बंधनकारक केले आहे. सरकारने स्वतःचाच नियम पाळावा, एवढेच आपण मागतो.

दुसरी: प्रत्येक केंद्राने महिन्याला किती पाणी उचलले, युनिटमागे किती वापरले, कोणत्या धरणातून घेतले, याचा हिशेब जाहीर व्हावा. मर्यादा मोडणाऱ्याचे पाणी तुटावे. थकबाकीदार शेतकऱ्याची वीज तुटते, तेवढ्याच तत्परतेने.

तिसरी: भीमेचे पाणी टप्प्याटप्प्याने भीमेला परत मिळावे. ४२ अब्ज घनफूट पाणी पाचशे मीटर खाली सोडून ढोबळ हिशेबाने वर्षाला १४० कोटी युनिटे वीज मिळते. आजच्या तंत्राने नऊशे ते हजार मेगावॉटची सौर केंद्रे तेवढी वीज देतील. मुंबईची संध्याकाळची गरज भागविण्यासाठी जलविद्युत उपयोगी पडते हे मान्य. पण त्यासाठी तेच पाणी खालून वर आणून पुन्हा वापरता येते, दर वेळी नवे पाणी कोकणात सांडावे लागत नाही. भिऱ्याला असा एक संच आहेच. वीजगृहांतून निघणाऱ्या अवजलावर उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिका यांच्या काठची गावे व कारखाने आज जगतात. त्यांची पर्यायी सोय लावूनच हे करावे लागेल. ते काम दहा-पंधरा वर्षांचे आहे, आणि म्हणूनच ते आज सुरू झाले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी गिरणीमालकांच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था गिरण्या बंद पडल्यावरही अढळ का असावी?

चौथी: नवी सौर व पवन वीज ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि सार्वजनिक वीज कंपन्या यांच्या मालकीची असावी. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर पाणी, आणि भूमिहीनालाही त्यात हक्क, हे तत्त्व तिने आचरून दाखविले. पाण्याला लागू झालेले हे तत्त्व विजेलाही लागू करता येईल. वीज कर्मचाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये खाजगीकरणाविरुद्ध संप पुकारला, तेव्हा लाभक्षेत्रातील शेतकरी त्यांच्या शेजारी उभा दिसला नाही. हे दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, हेच भांडवलदाराचे खरे बळ आहे. त्यांची ओळख करून देणे हे पक्षाचे काम आहे.

आणि ते काम तालुक्यापासून सुरू होते. आपल्या भागातील धरणातून बिगरसिंचन आरक्षण किती, कोणाला, कोणत्या आदेशाने दिले, याची माहिती प्रत्येक कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकारात मागवावी. कालवा सल्लागार समितीची बैठक आमदाराच्या सोयीने उरकली जाते, तेथे लाभधारकांना घेऊन जावे. ग्रामसभेत तो कागद वाचून दाखवावा, आणि दिलेले पाणी एकरांत आणि हंड्यांत किती होते तेही सांगावे. घनमीटरांचा आकडा माणसाला उठवीत नाही; आपल्या शिवारातील किती एकर कोरडे राहिले हे कळले म्हणजे माणूस उठतो. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या हाती तर तेवढाही कागद नव्हता.